हाताने शिकणारी मुले आणि विषयांची निवड

दरवर्षी उन्हाळ्यात, दहावीच्या निकालाच्या सुमारास, घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमचा मुलगा हाताचा मोठा हुशार आहे, पण अभ्यासात त्याला गती नाही." बंद पडलेला पंखा तो उघडून चालू करतो, सायकल नादुरुस्त झाली की शेजारपाजारचे त्यालाच हाक मारतात. बोलणाऱ्याच्या स्वरात थोडे कौतुक असते आणि थोडा खेदही असतो. कौतुक वाक्याच्या पूर्वार्धात आणि खेद उत्तरार्धात. या दोहोंना तोडणारा जो 'पण' मध्ये बसला आहे, त्यानेच पुढचा सारा घोटाळा होतो. पंखा उघडल्यावर बिघाड कंडेन्सरमध्ये आहे, की तारेच्या वेटोळ्यात, की केवळ बुश झिजले आहे, हे एकेक शक्यता वगळीत शोधून काढणे याला अभ्यास म्हणावयाचे नाही, असे आपण कधी आणि कशावरून ठरवले?

या 'पण'मधून एक अगदी व्यवहारी प्रश्न निघतो. अशा मुलाने अथवा मुलीने नववीपासून पुढे कोणते विषय घ्यावेत? कोणत्या वाटेने जावे? आईबाप बहुधा दोनच टोके पाहतात. एक तर चारचौघांसारखे शास्त्रशाखेत घालून शिकवणी लावायची, किंवा 'निदान हाताला काही लागेल' म्हणून मिळेल त्या कारखानी शिक्षणात ढकलायचे. पहिल्यात मूल गुदमरते. दुसऱ्यात त्याची पुढची दारे बंद होण्याची भीती असते. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो : हाताने शिकणाऱ्या मुलासाठी विषय निवडणे म्हणजे त्याची गणितापासून आणि शास्त्रापासून सुटका करणे नव्हे; ज्या वाटेने ते गणित आणि ते शास्त्र त्याच्या हाती लागेल, ती वाट शोधणे होय.

हात विचार कसा करतो

गवंडी घराच्या पायाची आखणी कशी करतो ते पाहा. एका भिंतीची रेषा त्याने सुतळी ताणून ठरवलेली असते. दुसरी भिंत तिला बरोबर काटकोनात यावयास हवी. हातभर गुण्या लावून वीस फुटांची रेषा नेमकी साधत नाही. म्हणून तो कोपऱ्यातील खुंटीपासून एका सुतळीवर ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर खूण करतो आणि दोन खुणांमधील अंतर मोजतो. ते ५ फूट भरले तर कोन काटकोन झाला. अधिक भरले तर कोन फाकला, कमी भरले तर मिटला. खोली मोठी असेल तर तो ६, ८ आणि १० फूट घेतो. कारण खुणा जितक्या दूर, तितका मोजण्यातील सूतभर चुकीचा परिणाम कमी.

शाळेत हीच गोष्ट पायथागोरसच्या सिद्धान्ताच्या रूपाने फळ्यावर येते. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, म्हणजेच ५ चा वर्ग. ज्या मुलाने सिद्धान्त पाठ केला त्याला उत्तर येते. ज्याने सुतळी ताणून पाहिली त्याला उत्तर तर येतेच, शिवाय मोठा त्रिकोण का घ्यावा हेही कळते. चूक कोठून शिरते आणि ती कशी लहान करावी, हा शास्त्राचा गाभा आहे, आणि तो येथे हाताने शिकवला आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. उतरत्या छपरासाठी वासा किती लांब लागेल? भिंतीपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर ८ फूट आणि उंची ६ फूट असेल, तर ओळखीची जोडी म्हणून गवंडी किंवा सुतार १० फूट सांगेल. पण आडवे अंतर ९ फूट आणि उंची ५ फूट असेल तर? ८१ आणि २५ मिळून १०६. त्याचे वर्गमूळ काढावे लागते आणि उत्तर सुमारे १० फूट साडेतीन इंच येते. ज्याच्यापाशी फक्त हाताची सवय आहे तो येथे थांबतो, किंवा लाकूड जास्त घेऊन वाया घालवतो. तात्पर्य, हाताला सिद्धान्ताची गरज आहे आणि सिद्धान्ताला हाताची. एकाला दुसऱ्यावाचून ठेवले की दोघेही लंगडे होतात.

तीन निरनिराळी मुले

'याला हाताने शिकायला आवडते' असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो ती सारी मुले एका प्रकारची नसतात. निदान तीन प्रकार वेगळे करावयास हवेत; कारण प्रत्येकाची विषयनिवड वेगळी आहे.

पहिल्या प्रकारच्या मुलाला कल्पना कळण्यासाठी कृती हवी असते. दोन दिव्यांची मालिका जोडणी आणि समांतर जोडणी यांतील फरक त्याला पुस्तकातील आकृतीवरून कळत नाही; पण दोन बल्ब, तारा आणि सेल हाती दिले, आणि एका जोडणीत एक बल्ब काढताच दुसराही विझतो व दुसऱ्या जोडणीत तो जळत राहतो हे दिसले, की ते कायमचे कळते. या मुलाची ओढ ज्ञानाकडेच आहे. केवळ दार वेगळे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाला वस्तू घडविण्यातच आनंद असतो. लाकडाचा सांधा फट न राहता बसला, पोलक्याची बाही झोळ न पडता बसली, कानस मारलेली कड हाताला गुळगुळीत लागली, म्हणजे त्याला समाधान वाटते. कारागिरीचा पिंड तो हाच.

तिसऱ्या प्रकारचे मूल पुस्तकापासून पळत असते. पुस्तक नसेल ते कोणतेही काम त्याला आवडल्यासारखे दिसते. पण त्याचे खरे दुखणे दुसरेच असते. डोळ्यांना फळा नीट दिसत नसेल. शाळेचे माध्यम घरच्या भाषेहून निराळे असल्याने वाक्यच कळत नसेल. पाचवीतला अपूर्णांक निसटला म्हणून पुढचे सारे बीजगणित अंधारात गेले असेल. किंवा अक्षरे जुळविण्याची जी जन्मजात अडचण काही मुलांत असते ती असेल. या शेवटच्या अडचणीला 'अध्ययन अक्षमता' म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा स्पष्ट समावेश आहे आणि रीतसर तपासणी करून प्रमाणपत्र घेतल्यास परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. अशा मुलाला तपासणीवाचून कार्यशाळेत धाडणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून गाव बदलण्यासारखे आहे. कार्यशाळेतही आराखडे वाचावे लागतात, यंत्राची माहितीपुस्तिका वाचावी लागते, लेखी परीक्षाही द्यावी लागते.

हे तीन प्रकार ओळखण्याची एक साधी खूण आहे. हाती घेतलेल्या कामातील नवलाई संपून कंटाळवाणा भाग सुरू झाला, म्हणजे मूल काय करते ते पाहावे. पहिल्या प्रकारचे मूल युक्ती कळली की काम अर्धवट टाकून पुढच्या गोष्टीकडे वळते. दुसऱ्याला अर्धवट सोडवत नाही. तास न् तास तो पॉलिशपेपर घाशीत बसेल. तिसऱ्याचा उत्साह कामातही लवकरच ओसरतो, कारण त्याची धाव कामाकडे नव्हतीच, ती पुस्तकापासून दूर होती. ही खूण काही वैद्यकीय परीक्षा नव्हे, आणि एकाच मुलात दोन प्रकार मिसळलेलेही आढळतील. पण एका सुटीभर नीट लक्ष ठेवले तर घरच्या माणसांना पुष्कळ कळून येते.

ही फारकत आली कोठून

आपल्या देशात हाताचे काम एका जातीकडे आणि पोथी दुसऱ्या जातीकडे, अशी वाटणी फार जुनी. इंग्रजी अमदानीतील शाळांनी ती मोडण्याऐवजी नव्या रूपाने पक्की केली. कारण त्या शाळांतून सरकारला मुख्यतः कारकून आणि अधिकारी हवे होते. तरीही हे चुकते आहे असे सांगणारे लोक प्रत्येक पिढीत झाले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतून शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान द्यावे अशी मागणी केली. त्याच आयोगाने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या : एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहारोपयोगी. दुसऱ्या शाखेकडे विद्यार्थी फारसे वळले नाहीत. ते स्वाभाविकच होते. नोकरी आणि मान दोन्ही पहिल्या शाखेच्या पलीकडे होती.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी वेगळी दिशा दाखविली. उद्योग हा शिक्षणातील एक विषय न राहता शिक्षणाचे माध्यमच व्हावा, सूतकताई, विणकाम, सुतारकाम, शेती यांतून गणित, भूगोल, शास्त्र शिकवावे, अशी ती योजना होती, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवून विषयांचे सात गट पाडले. त्यांत तांत्रिक, शेतकी, ललितकला आणि गृहविज्ञान हेही गट होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द रूढ केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांपाशी शिकण्याची शिफारस केली आहे.

इतक्या वेळा सांगूनही गोष्ट फारशी हलली नाही, याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. शाळेत कार्यानुभवाचा तास आला. पण ज्या गुणांवर पुढचा प्रवेश ठरतो त्यांत त्याला वजन मिळाले नाही. मग त्या तासाला पुठ्ठ्याची घरे झाली, किंवा तो तास गणिताच्या शिक्षकांनी मागून घेतला. समाज ज्याला मोजतो तेच शाळा शिकवते. म्हणून या प्रश्नाचा एक टोक शाळेत असला तरी दुसरा आपल्या घरात आहे.

चित्रशाळेतून नांगराकडे

येथे एक उदाहरण उपयोगी पडेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रांची उलथापालथ करण्यात त्यांचे मन रमे. ते मुंबईस सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. तेथे असे आढळून आले की त्यांच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष आहे. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हा मार्गच खुंटला. पण रंग गेले तरी रेषा शिल्लक होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई संस्थेत, तोच विषय शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी, हा पुढचा इतिहास मराठी माणसास ठाऊक आहे.

थोर माणसाची गोष्ट सांगून मुलांवर ओझे टाकावे असा माझा हेतू नाही. या गोष्टीतले निवडीचे सूत्र मात्र घेण्यासारखे आहे. 'हाताची आवड' एवढे म्हणणे पुरेसे नसते. हातांना कोणते काम साधते आणि त्या कामाला लागणारे इतर गुण आपल्यापाशी आहेत की नाहीत, हे बारकाईने पाहावे लागते. लक्ष्मणरावांनी हात सोडला नाही. हाताचा विषय बदलला. आणि आरेखन हा असा विषय निवडला गेला, की ज्याच्या एका अंगाला हात आहे आणि दुसऱ्या अंगाला भूमिती.

आज कोणत्या वाटा आहेत

आता महाराष्ट्रातील आजच्या सोयी क्रमाने पाहू. नियमांचा तपशील दरवर्षी थोडाफार बदलतो, म्हणून शेवटचा शब्द त्या वर्षाच्या प्रवेशपुस्तिकेचा मानावा. पण वाटांचा नकाशा डोळ्यांपुढे असला म्हणजे चौकशी नेमकी करता येते.

नववी-दहावीत काही शाळांतून तंत्र विभाग आहे. तर काही शाळांतून मोटार दुरुस्ती, इलेक्ट्रॉनिक्स, शेती, आरोग्यसेवा यांसारखा एखादा व्यवसाय विषय ठरलेल्या एका विषयाच्या जागी घेता येतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम पुष्कळ शाळांनी स्वीकारला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य अशी चार अंगे आहेत. मुलगा एकाच आठवड्यात वेल्डिंग करील आणि मातीची तपासणीही करील. आणि मुलगीही तेच करील. पंधराव्या वर्षी एकाच धंद्याला न बांधता चार प्रकारचे काम हाताखालून घालणे, हा या योजनेचा मोठा गुण होय. आपल्या गावच्या शाळेत यांपैकी काही असेल तर दहावीपूर्वी ते घ्यावे असे मी म्हणेन. कारण पुढची निवड करण्यास लागणारा अनुभव त्यातूनच मिळतो.

दहावीनंतर तीन मुख्य वाटा फुटतात. पहिली अकरावी-बारावीची. ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत सोय आहे तेथे शास्त्रशाखेत 'द्विलक्ष्यी' विषय घेता येतो. तो २०० गुणांचा असून दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी बसतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, विद्युत उपकरणांची देखभाल, स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय असे पर्याय त्यात येतात. भौतिक, रसायन आणि गणित हाती ठेवून प्रात्यक्षिकाचा भाग वाढवावयाचा असेल, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारच्या मुलाला, ही वाट सोयीची आहे.

दुसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आयटीआयची. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली या संस्था चालतात. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. जोडारी म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन यांचे दोन वर्षांचे. काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण पुरते. बऱ्याच व्यवसायांना दहावी लागते. दिवसाचा मोठा भाग प्रत्यक्ष कामात जातो. मात्र यंत्रकामाच्या व्यवसायांत आकडेमोड आणि आरेखन शिकावेच लागते, हे प्रवेशापूर्वी मुलाला सांगावे. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला, ज्याला घडविण्याचीच ओढ आहे त्याला, येथे घर सापडते.

तिसरी वाट तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेची. हिच्याविषयी गैरसमज फार आहे. पदविका म्हणजे सगळे हाताचेच काम, असे समजून मुले जातात, आणि पहिल्याच वर्षी गणित, भौतिक व रसायन समोर उभे राहिलेले पाहून गांगरतात. पदविका ही हात आणि सिद्धान्त यांच्या मधली जागा आहे. दहावीचे गणित कच्चे असेल तर प्रवेशापूर्वीची दोन महिन्यांची सुटी त्यासाठीच खर्च करावी.

या तीन वाटा समांतर असल्या तरी त्यांना जोडणारे जिने आहेत, ही गोष्ट आईबापांना बहुधा ठाऊक नसते. दहावीनंतर दोन वर्षांचा योग्य आयटीआय अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. आणि पदविकाधारकाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे सोळाव्या वर्षी कानस हाती घेतलेला मुलगा पुढे अभियंता होऊ शकतो. पण हा जिना त्यालाच चढता येतो ज्याने गणित सोडलेले नाही. आरंभी जे म्हटले त्याचे कारण हे आहे.

निवड करताना काय पाहावे

विषयाचे नाव पाहून निवड करू नये. कार्यशाळा पाहून करावी. प्रवेशापूर्वी संस्थेत जाऊन यावे, आणि शक्य तर काम चालू असलेल्या दिवशी जावे. यंत्रांवर तेल आहे की धूळ? कानशी आणि पटाश्या वापरून झिजलेल्या आहेत की कपाटात नव्या कोऱ्या ठेवलेल्या? एका यंत्रामागे किती मुले उभी आहेत? एक करतो आणि एकोणीस पाहतात, तर ते पाहून शिकणे झाले, करून शिकणे नव्हे. कच्चा माल, म्हणजे लोखंड, लाकूड, तार, कापड, मुलांना पुरेसा मिळतो काय? मुलांनी केलेल्या वस्तू दाखवा असे सांगावे; बिघडलेल्याही दाखवा असे सांगावे. जेथे बिघडलेले काम जपून ठेवून त्यावर बोलतात, तेथे खरोखर शिकवले जाते.

दुसरे, गेल्या दोन वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या दोघाचौघांना भेटावे. त्यांना नोकरी लागली का एवढेच विचारू नये. आता रोज काय काम करता, कोणते शिकलेले उपयोगी पडले, काय शिकावयाचे राहून गेले, हे विचारावे. माहितीपत्रकापेक्षा ही उत्तरे अधिक खरी असतात.

तिसरे, निवडीपूर्वी मुलाला त्या कामाची चव घेऊ द्यावी. सुटीतले पंधरा दिवस ओळखीच्या गॅरेजमध्ये, शिलाईच्या दुकानात, रोपवाटिकेत अथवा सुताराकडे बसू द्यावे. यात मुलाला राबवणे नको आणि धोक्याच्या यंत्राला हात लावू देणे तर नकोच. बघावे, सोपे काम करावे, विचारावे. उन्हात, ग्रीसमध्ये, तासन् तास उभे राहून ते काम कसे असते हे कळल्यावरही ओढ टिकली, तर ती खरी.

चौथे, कोणतीही वाट घेतली तरी तीन गोष्टी सोडू नयेत : गणित, आरेखन, आणि आपल्या भाषेत चार ओळी नीट लिहिण्याची सवय. ज्याला हिशेब येतो त्याला कामाचा दर ठरवता येतो. ज्याला आराखडा वाचता येतो तो दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही. ज्याला लिहिता येते तो उद्या चौघांना कामाला लावू शकतो. मजूर आणि मालक यांच्यामधले अंतर पुष्कळ वेळा या तिहींचे असते.

कोणाची मुले कोणत्या वाटेने

शेवटी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. हाताच्या शिक्षणाचे गुणगान करणारे पुष्कळसे लोक ते शिक्षण दुसऱ्यांच्या मुलांसाठी सुचवितात. डॉक्टराचा मुलगा नववीत मागे पडला तर त्याला शिकवणी लागते. रिक्षावाल्याचा मुलगा तितकाच मागे पडला तर 'याला आयटीआयला घाला' असा सल्ला मिळतो. दोन्ही ठिकाणी मुलाकडे कोणी पाहिलेलेच नसते. पाहिलेले असते ते बापाच्या धंद्याकडे. ही निवड नव्हे, ही जुनी वाटणीच नव्या नावाने चालू ठेवणे आहे. हाताने शिकणारी मुले बंगल्यातही जन्मतात आणि ग्रंथात रमणारी झोपडीतही. तिसऱ्या प्रकारच्या मुलाचे दुखणे गरिबाच्या घरी तपासले जात नाही आणि श्रीमंताच्या घरी झाकले जाते. दोघांचेही नुकसान सारखेच.

मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. मुलीला हाताची आवड आहे असे दिसले की शिवण आणि पाककला पुढे केली जाते. शिवणकाम मुळीच हलके नव्हे. सपाट कापडातून गोलाई काढणे ही भूमितीच आहे. पण जिला मोटारीचे वेटोळे गुंडाळण्यात गोडी आहे तिला शिवणाच्या वर्गात बसवणे, हे रंग न ओळखणाऱ्याला रंगकामात बसविण्याइतकेच चूक होय. आयटीआयच्या सगळ्या व्यवसायांची दारे मुलींना उघडी आहेत. बंद असते ते बहुधा घरचे दार.

दहावीचा निकाल हाती पडल्यावर प्रवेशाच्या तारखा अंगावर येतात आणि विचाराला सवड राहत नाही. म्हणून हा विचार आठवी-नववीच्या सुटीतच सुरू करावा. मूल काय करण्यात रमते ते पाहावे, जवळची एखादी कार्यशाळा त्याच्यासह पाहून यावी, त्याच्या गणितातील निसटलेला धागा कोठे तुटला ते शोधून जोडून द्यावा. एवढे केले, तर विषयांच्या अर्जावर कोणती खूण करावी हे बाहेरच्या कोणाला विचारण्याची वेळ सहसा येत नाही. आणि विचारलेच, तर 'हाताचा हुशार आहे' या वाक्यानंतर पूर्णविराम देऊन विचारता येते.